आधी तारा चढवा, रंगाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेलिकास्टर धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारचं घरी जोडायचं किट घेतलंय, बॉडी बासवूडची, नेक (म्हणजे गिटारची मान) चार स्क्रूंनी बसणारी. तिला सनबर्स्ट, म्हणजे मध्ये फिका आणि कडेला गडद होत जाणारा रंग द्यायचाय. आणि किटमधले पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग) स्वस्तातले वाटतात, म्हणून आल्निको चुंबकाचे चांगले पिकअप आताच मागवून ठेवावेत का? पण जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहून गेलात, "सेटअप काय, शेवटी करू." सेटअप म्हणजे गिटार नीट वाजेल अशी जुळवणी, आणि मला त्या वाक्यावरच जास्त बोलायचंय.

मीही पहिल्या किटला आधी रंगच दिला होता. खोका उघडला की हात शिवशिवतातच. निळ्या रंगाचे एकावर एक पातळ हात, मग लॅकर, मग तीन आठवडे वाळवण. आरशासारखी बॉडी झाली. तारा चढवल्या आणि बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे गेलं की सगळ्यात बारीक तार फ्रेटबोर्डाच्या कडेवरून खाली घसरायला लागली. ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पत्र्याची, भोकं कारखान्यातूनच अडीच मिलिमीटर बाजूला पाडलेली होती. मग भोकं बुजवा, नवी पाडा, तेवढ्यात कडेचा रंग टवका होऊन उडाला. ती गिटार अजून माझ्याकडे आहे. ब्रिजच्या पत्र्याखालून तो पांढुरका चट्टा अजून डोकावतो.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. कच्च्या लाकडावर सगळं जोडायचं, तारा चढवायच्या, गिटार बिनरंगाची नीट वाजेपर्यंत रेटायची, मग सगळं सोडवून रंगाला बसायचं. वायरिंगसुद्धा त्या पहिल्या फेरीत लागत नाही. कानाला तारेचा कोरडा आवाज पुरतो.

सुरुवात मधल्या रेषेपासून करा. नेक खाचेत बसवा आणि नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) दोन्ही टोकांच्या खाचांतून साधा शिवणाचा दोरा ओढून ब्रिजच्या बाहेरच्या दोन सॅडलपर्यंत (तार टेकते ते सरकते तुकडे) ताणून धरा. आता वरून बघा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून कडेपर्यंत सारखं लाकूड दिसलं पाहिजे. एका बाजूला चार मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दोन दिसत असतील तर घाबरू नका. किटच्या खाचेत नेक बहुधा थोडी ढिली असते. स्क्रू अर्धा फेरा सैल करून नेकचं वरचं टोक जास्त लाकूड दिसतंय त्या बाजूला हाताने ओढा आणि पुन्हा आवळा, निम्मं दुखणं तिथेच जातं. तरीही फरक उरला तर मग ब्रिजची भोकं कठीण लाकडाच्या गोल काडीने गोंद लावून बुजवायची, एक दिवस वाळू द्यायची आणि नव्याने पाडायची. कच्च्या लाकडावर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

नेकच्या स्क्रूंबद्दल एक गोष्ट किटच्या कागदात कधी लिहिलेली नसते. बॉडीतली भोकं स्क्रूला सैल हवीत, आटे फक्त नेकच्या लाकडात धरले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले तर तुम्ही कितीही आवळा, नेक आणि बॉडीमध्ये केसाएवढी फट तशीच राहते. आणि प्रत्येक स्क्रूला आधी मेणबत्तीचं मेण किंवा साबण चोळा. ट्युनरचे (तार पिळायच्या खुंट्यांचे) बारके स्क्रू तर एवढे मऊ असतात की मेपलमध्ये कोरडे पिळले की डोकं हातात येतं आणि दांडी आत राहते. मी दोन असे मोडले आहेत, तिसरा मोडला नाही.

आता लांबी. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा. तुमच्या धाटणीत ती ३२४ मिलिमीटर यायला हवी, म्हणजे पूर्ण लांबी ६४८, जिला २५.५ इंच स्केल म्हणतात. बारीक तारेचं सॅडल जवळपास पूर्ण पुढे घेतल्यावर ते ६४८ वर यायला हवं. जाड तारांची सॅडल त्याहून मागे जातात, कारण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तार ताठ असल्यामुळे तिचा जास्त चढतो, म्हणून तिला जास्त लांबी द्यावी लागते. सॅडल मागे सरकायला जागा असते पण पुढे फारशी नसते, त्यामुळे ब्रिज मागे बसला असेल तर स्क्रू संपतो आणि सूर काही जुळत नाही. सॅडल तीन मिलिमीटर चुकलं तर बाराव्या फ्रेटवर साधारण ८ सेंटचा फरक पडतो. एका फ्रेटच्या अंतराचे शंभर सेंट धरले तर हा आकडा छोटा वाटेल, पण दोन तारा एकत्र छेडल्या की तो लपत नाही.

आता नट. माझ्या मते किटमधला सगळ्यात हलक्या प्रतीचा भाग लाकूडही नाही आणि पिकअपही नाही, तो हा छोटासा प्लॅस्टिकचा तुकडा आहे. कारखान्यात त्याच्या खाचा उथळ ठेवतात, कारण खाच उथळ राहिली तर ती पुढे खोल करता येते, उलटं करता येत नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे. सुट्ट्या तारा सूर मोजायच्या यंत्रावर तंतोतंत लागतात, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटवरची कुठलीही कॉर्ड धरली की बेसूर लागते, आणि एफची बार कॉर्ड (एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायची) धरताना बोटं रडतात. नवशिका माणूस समजतो की आपली बोटं कच्ची आहेत. बोटांचा दोष नसतो, तारेला पहिल्या फ्रेटपर्यंत खाली दाबण्यातच ती ताणली जाते आणि सूर चढतो.

तपासायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातूच्या मध्ये किती उजेड दिसतो ते बघा. कागद सरकेल न सरकेल एवढीच फट हवी. डोळ्याला दिसत नसेल तर बोटाने तिथे तार हलकेच टिचका. बारीक 'टिक्' असा आवाज आला तर फट आहे. आवाजच आला नाही तर तार फ्रेटवर टेकली, म्हणजे खाच जास्त खोल गेली. उजेड भरपूर दिसत असेल तर कानशीचे दोन फटके, तार पुन्हा खाचेत, सूर लावा, टिचका. पुन्हा दोन फटके. सहा तारांना माझा एक अख्खा तास जातो आणि मी तो कधीच वाचवायला बघत नाही. नटच्या खास कानशी महाग पडतात. तारेहून पातळ अशी फीलर गेजची (फट मोजायच्या पोलादी पात्यांची) पट्टी घेऊन तिच्यावर बारीक सॅंडपेपर दुमडला तरी चालतं.

कानस धरताना खाचेचा उतार ट्युनरच्या दिशेने पाहिजे. तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. खाच सपाट झाली किंवा उतार उलटा झाला तर तार पृष्ठभागावर घासत झणझणते. सतारीला जवारी लावतात तो हाच परिणाम, तिथे तो मुद्दाम साधायचा असतो आणि इथे तो सुट्टी ई वाजवताना अंगावर येतो. खाच खोल गेलीच तर नवा नट घाला. हाडाचा घ्या, महाग नसतो, आणि पिकअपच्या पैशांपैकी थोडे इथे घातलेत तर तुम्हाला फरक पहिल्या दिवशी ऐकू येईल.

ट्रस रॉडवर, म्हणजे नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईवर, जास्त लिहीत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा, सातव्या-आठव्यापाशी ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. रॉडचा नट पाव फेरा फिरवा, पुन्हा सूर लावा, मोजा. जोर लागत असेल तर थांबा, हा नट तुटला तर नेकच गेली.

फ्रेटचं मात्र बघावंच लागतं. एक छोटी सरळ धातूची पट्टी तीन फ्रेटवर ठेवून दोन्ही टोकं दाबून बघा. डुलली तर मधला फ्रेट उंच. आधी तो नुसता वर आला नाही ना ते बघा, प्लॅस्टिकच्या हातोडीचा एक ठोका पुष्कळदा पुरतो. तरीही उंच राहिला तर सगळ्या फ्रेटना मार्करने काळा रंग लावा आणि पूर्ण सपाट पट्टीवर ४०० नंबरचा सॅंडपेपर चिकटवून नेकच्या लांबीने फिरवा. शाई जिथे आधी पुसली जाते तिथे उंचवटा. सगळ्यांवर बारीकशी रेघ उमटली की थांबायचं, मग डोकी पुन्हा गोल करायची. बोर्डाच्या कडेने हात फिरवल्यावर फ्रेटची टोकं टोचत असतील तर लाकूड वाळून आकसलंय, धातू आकसत नाही. तीही कानशीने मोडून घ्या.

हे सगळं झाल्यावर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बारीक बाजूला १.६ आणि जाड बाजूला २ मिलिमीटरच्या आसपास आणा, मग इंटोनेशन लावा, म्हणजे बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक जुळवा. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. आता गिटार वाजते आहे. आठवडाभर अशीच बिनरंगाची वाजवा, चुकलेलं काही असेल तर या आठवड्यात बोलेल.

मग सगळं सोडवा आणि रंगाकडे वळा. हेडस्टॉकला (नेकच्या ट्युनर बसतात त्या टोकाला) आकार द्यायचा असेल तो आत्ताच, आणि त्यावर मोठ्या कंपनीचं नाव चिकटवू नका, ते फसवणं आहे. बासवूडबद्दल खरं सांगायचं तर ते फार मऊ लाकूड आहे, नखाने खूण उठते, आणि त्याला बघण्यासारख्या रेषा नसतात. त्यावर डाय (लाकडात मुरणारा रंग) चोळला तर डाग-डाग पडतात. शिवाय कारखान्यात सांडलेला गोंद जिथे मुरलाय तिथे तो रंग पीतच नाही आणि पिवळट ठिपका उघडा पडतो. ओलं फडकं फिरवून बघा, गोंद असला तर तो भाग फिका राहतो. सनबर्स्ट शोभतो तो रेषा असलेल्या लाकडावर. इथे मी एकसंध रंग दिला असता. १२०, १८०, २२० असा सॅंडपेपर क्रमाने, ओल्या फडक्याने लाकडाचे तंतू उभे करून पुन्हा २२०, मग सीलर, मग रंगाचे पातळ हात. नेकच्या खाचेत रंग जाऊ देऊ नका, चिकटपट्टी लावा. तिथे दोन थर बसले की घट्ट नेक आत शिरत नाही, आणि जोर केला की कडेला भेग जाते. तेलाचं फिनिश करायचं ठरवलंत तर तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, पिकअप. नटला हात लागलेला नाही, फ्रेट उंच-सखल आहेत आणि पिकअप मात्र किटच्या निम्म्या किमतीचे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. किटमधल्या सिंगल कॉइलमध्ये (एकाच वेढ्याच्या पिकअपमध्ये) बहुधा स्टीलच्या खुंट्या आणि खाली सिरॅमिकची चुंबकपट्टी असते. आवाज जरा रोखठोक असतो, पण वाईट नसतो. मल्टिमीटरने मोजा, पाच ते आठ किलोओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल शाबूत आहे. मोठ्या आवाजात ते शिट्टी घालत असतील तर कॉइलच्या तारेचे वेढे आत हलताहेत, त्यावर मेणात बुडवण्याचा उपाय आहे.

क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांबरोबर आपली गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची, ट्रेमोलोला (दांडीने सूर हलवणाऱ्या ब्रिजला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पिकअपही त्यांनी आधी घरी गुंडाळले होते, पण शेवटी विकतचे बसवले. सांगायचं एवढंच की पिकअप केव्हाही बदलता येतात. चार टाके सोल्डरचे. खाच चुकीची कापली तर ती तशी बदलत नाही.

वायरिंग करताना आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवा, पट्ट्यांच्या जोडांवर सोल्डरचा ठिपका द्या आणि ब्रिजखाली जाणारी अर्थची तार विसरू नका. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग), हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवलात तर ५००चे. जोडून झाल्यावर भुणभुण आली आणि तारांना हात लावल्यावर कमी झाली, तर अर्थ ठीक आहे, तांब्याचं आवरण कमी पडतंय. हात लावल्यावर वाढली तर जॅकच्या दोन तारांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, चिरका येत असेल तर एकाच्या दोन तारा उलट करा. मात्र टेलिकास्टरच्या नेक पिकअपचं धातूचं झाकण अर्थला जोडलेलं असतं, तेव्हा उलटापालट ब्रिजच्या पिकअपची करा. त्याच्या बुडाशी तांब्याचा किंवा स्टीलचा पत्रा असेल तर तोही काळ्या तारेला जोडलेला असतो, तो टाका आधी सोडवून पत्रा वेगळा अर्थ करा.

तर पिकअप आत्ता मागवू नका. दोरा ताणून कडांची मापं आणि तिसऱ्या फ्रेटवर दाबून सहाही तारांची फट, एवढं मोजून इथे लिहा. किटच्या नेकचा फोटो नटच्या बाजूने, उजेडाकडे धरून काढलात तर खाचा किती खोल करायच्या ते मी तार-तार सांगू शकेन.