दारावरून उठू नकोस

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. त्यातल्या एका वाक्याने दोन रात्री झोप लागली नाही. "काका, तीन वर्षं पप्पांसाठी रोज तेच मागतेय, आता मागायची लाज वाटते." पप्पांची दारू सुटली नाही हे ठाऊक होतं. पण सभेला आलेल्या कुणा उपदेशकाने 'तुझा विश्वास कमी पडतो, म्हणून उत्तर येत नाही' असं तुला सांगितलं, हे आत्ता कळतंय. वाचून संताप आला. मार्कच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला, आजारी पोराला घेऊन आलेला तो बाप आठव. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका," असं तो रडत ओरडला. त्याच्या पोराला प्रभूने त्याच घटकेला बरं केलं. आधी विश्वास पुरा करून ये, मग बघू, असं म्हटलं नाही. उपदेशकाचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

लाजेचं मात्र बोलायला हवं. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री शेजाऱ्याचं दार ठोठावून तीन भाकरी मागणारा माणूस आहे. त्याला भाकरी का मिळाल्या, हे सांगताना मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ निर्लज्जपणा. मराठीत तो जरा मवाळ होऊन येतो. तुला मागायची लाज वाटते आणि प्रभू तुला लाज सोडून मागायला शिकवतोय! 'मागा, शोधा, ठोका' हेही तिथेच आहे, आणि ग्रीक क्रियापदांचा रोख मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा असा आहे.

अठराव्या अध्यायातली विधवा तर त्याच्याही पुढची. आपल्याकडे पूर्वी येणं वसूल करायला देणेकऱ्याच्या दारात धरणं धरून बसत. तशी ती, न्याय मागत एका अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागलेली. तिच्याकडे पैसा नाही, वशिला नाही, हातात फक्त तगादा. ही मला बेजार करील, असं न्यायाधीश म्हणतो, तिथला शब्द डोळ्याखाली ठोसा मारण्याचा आहे. देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हे तुला सांगायला नको. तसला माणूससुद्धा नमला, मग बाप ऐकणार नाही का, एवढंच प्रभूचं म्हणणं. दारावरून उठू नकोस.

हे इतकं ठासून का सांगतो, ते ऐक. मी उठलो होतो.

माझा धाकटा भाऊ दारूत गेला तेव्हा मी चार वर्षं रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना केली. पाचव्या वर्षी थकलो. 'देवाची इच्छा' म्हणालो, आणि लोकांनाही ते फार समजूतदार वाटलं. खरं तर देवाने मला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या थकव्याला मी देवाचं नाव दिलं. प्रार्थना थांबली आणि सहा महिन्यांत त्याच्याकडे जाणंही थांबलं. हे दोन धागे एकच असतात, हे तेव्हा कळलं नाही. ज्याचं नाव रोज पहाटे ओठांवर असतं, त्याच्या घरावरून तोंड फिरवून जाता येत नाही. नाव गेलं की माणूसही जातो. तो पुढे आठ वर्षं जगला. त्या आठ वर्षांत मी त्याच्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयतीच्या निमित्ताने. मी मागत राहिलो असतो तर तो सुटला असता, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण तो एकटा मेला नसता.

तू म्हणशील, प्रेषित पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून तीनदाच मागितलं आणि थांबला. हो, पण उत्तर मिळाल्यावर थांबला. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे त्याने ऐकलं होतं. तू काही ऐकलं आहेस का? नाही ना? मग थांबायचा प्रश्न कुठे येतो? आणि तेच तेच शब्द म्हणजे व्यर्थ बडबड, असं कुणी सांगितलं तर गेथशेमाने बागेत जा. मत्तय स्पष्ट लिहितो की प्रभूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली.

ब्रिस्टलच्या अनाथालयांचा जॉर्ज म्यूलर 1844 च्या नोव्हेंबरात पाच माणसांच्या तारणासाठी रोज प्रार्थना करू लागला. पहिला दीड वर्षाने विश्वासात आला. दुसऱ्याला आणखी पाच वर्षं लागली, तिसऱ्याला त्याहून सहा. छत्तीस वर्षांनंतरही दोघे बाहेरच होते, आणि म्यूलरने ते लपवलं नाही, उघड सांगितलं की मी अजून मागतोच आहे. याच म्यूलरचं चरित्र आपल्या पंडिता रमाबाईंनी वाचलं होतं. 1905 च्या जानेवारीत केडगावला त्यांनी मुलींना घेऊन खास प्रार्थना सुरू केली, आणि त्यांच्या मुक्ती मिशनमधलं ते आत्मिक जागरण जून उजाडल्यावर आलं. सहा महिने काहीच दिसत नव्हतं. पण मला रमाबाईंचं त्याहून शेवटचं वर्ष जास्त धरून ठेवतं. 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती मुलगी, संस्थेचं सगळं पुढचं तिच्यावर सोपवायचं ठरलेलं. त्या आईने काय काय मागितलं असेल! तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातातून सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. हवं ते मिळालं म्हणून त्या दारात बसल्या नव्हत्या.

आपल्या मंडळीत मला हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर असेल. बुधवारच्या प्रार्थनेला तीनच माणसं येतात, लाइटबिल वाया जातं, बंद करा, असं कमिटीत दोनदा निघालं. दोन्ही वेळा मी उभा राहिलो. एका बैठकीत मी आवाज चढवला, ते चुकलं आणि त्याची माफीही मागितली. पण बुधवार सोडला नाही, अकरा वर्षं झाली. एकदा उठलेल्या माणसाला परत बसायला किती जड जातं, ते त्या कमिटीतल्या कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून मी तिथे एकटा उरलो तरी दिवा लावीन.

आता एक रागावून सांगतो. गुडघ्यावर बसणं आणि हातपाय न हलवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून दारू सोडवण्याचंच काम करतंय. तिथे फोन केलास का? पत्रात त्याचा एक शब्द नाही. ज्याच्यासाठी मागतेस त्याचा हात धरून डॉक्टरच्या दारापर्यंत जायला कोण तयार आहे, तू की मम्मी, हे या आठवड्यात ठरवा. पप्पा नाही म्हणतील. पुढच्या आठवड्यात परत विचार. देवापाशी जो चिवटपणा, तोच पप्पांपाशी.

आणि रडू आलं तर स्तोत्र 88 वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, पण रात्रंदिवस देवालाच हाक मारतं. तेवढं तुला आजही जमेल.

पप्पांचं नाव मी माझ्या वहीत लिहून घेतलंय, सातव्या ओळीवर. पहिल्या ओळीवर माझ्या भावाच्या मुलाचं आहे, तोही आता प्यायला लागलाय. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला ये. उशीर झाला तरी चालेल, मागचं दार उघडं असतं.

तुझा,
काका