साठीनंतर ताई-ची: आधी पाऊल, मग हात

ताई-ची म्हणजे संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायाम. त्यातला 1956 साली चीनमध्ये बसवलेला 24 हालचालींचा सोपा संच पहिल्याच महिन्यात पाठ करायला जाऊ नका. हात आपोआप येतात, खरं काम पायांत आहे. खुर्चीची पाठ हाताशी ठेवा. सगळा भार डाव्या पायावर घ्या, गुडघा किंचित वाकवा. उजवी टाच पुढे नुसती टेकवा, तिच्यावर वजन नको. टाच अलगद परत उचलता आली, तर पाऊल बरोबर पडलं. मग तळवा टेकवून सावकाश भार पुढे न्या. तोल सुधारतो तो याच सरावाने, आणि पडण्याचा धोकाही त्यामुळेच कमी होतो.

गुडघे दुखू लागले की लोक ताई-चीला नावं ठेवतात. बहुतेकदा गुडघा आत झुकलेला असतो, नाहीतर बैठक फार खोल असते. गुडघा पावलाच्या दिशेतच हवा, अंगठ्याच्या पुढे नको.

छीगोंग म्हणजे श्वास आणि संथ हालचालींची चिनी व्यायामपद्धत. तिच्यातला आठ हालचालींचा 'बादुआनजिन' सुरुवातीला सोपा पडतो. मात्र हाडं ठिसूळ असतील तर सहावी, पुढे वाकून पाय धरायची हालचाल सोडा. आठवीत टाचा आपटू नका, हळू टेकवा. श्वास कुठेही रोखायचा नाही, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. रोज पंधरा मिनिटं पुरे.