सॉर्टचा उलटा निकाल

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, हौसेने जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय. गुण चढत्या क्रमाने लावायचे होते. ९, ८०, १०० दिले, तर यादी क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट या आज्ञेने १००, ८०, ९ लावले! कुठे बिघडलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बाई, नुसतं सॉर्ट म्हटलं की ते आकड्यांनाही अक्षरं समजून शब्दकोशासारखं लावतं: आधी १, मग ८, मग ९. मला विचाराल तर हा आचरटपणाच आहे, पण आता तो बदलणार नाही. सॉर्टच्या कंसात, तुलनेतले दोन आकडे अ आणि ब धरून, 'अ वजा ब' परत करणारं फंक्शन (छोटी आज्ञावली) द्या. उत्तर ऋण आलं की अ आधी. आणि हो, सॉर्ट मूळ यादीच हलवतं. यादीतला हजेरीचा मूळ क्रम तसाच हवा असेल तर जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीतलं टूसॉर्टेड वापरा, ते नवी यादी देतं. पुढे समान गुणांची मुलं हजेरी क्रमांकाने लावून बघा.