सजगतेचा सराव : भरकटलेले मन परत आणताना

प्रश्न : पाच मिनिटेही माझे लक्ष श्वासावर टिकत नाही. मला ध्यान जमणारच नाही का?

उत्तर : मन भरकटल्याचे ज्या क्षणी आपल्या लक्षात आले, त्या क्षणी आपण सजगच होता, असे वीस वेळा घडले असेल, तर वीस वेळा सराव झाला. चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून त्याला परत आणावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, म्हणजे ते धावणार हे तिथेही गृहीतच आहे. माझ्या मते, आपण त्याला कोणत्या वृत्तीने परत आणतो, यावर सारे अवलंबून असते. पुढच्या बैठकीत एवढेच पाहा : नाकपुडीशी श्वास जाणवत असताना उद्याच्या कामाचा विचार येतो, तो ध्यानात येताच कपाळाला आठी पडते, जबडा आवळला जातो आणि ‘पुन्हा तेच!’ असे मनात उमटते. हा आपण स्वतःविरुद्ध दिलेला निवाडा असतो. त्याच्याशी झगडू नका. आठी जाणवू द्या, ‘विचार आला’ एवढीच नोंद करा आणि पुढचा उच्छ्वास संपेपर्यंत त्याच्यासोबत राहा.

प्रश्न : दोन महिने नेमाने बसते आहे, तरी मन शांत होत नाही.

उत्तर : जॉन कबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणाव कमी करण्यासाठी सजगतेचे प्रशिक्षण सुरू केले. सरावाला पोषक म्हणून त्यांनी ज्या सात वृत्ती सांगितल्या, त्यांत धीर आणि स्वीकार यांच्याबरोबरच फळाचा अट्टहास न धरणे हीही आहे, आणि मला तीच सर्वांत अवघड वाटते. शांत व्हायचेच असे ठरवून बसले, की ‘झाले का शांत?’ अशी तपासणी मन सतत करत राहते आणि ती तपासणीच त्याला स्वस्थ बसू देत नाही. हेतू जरूर असावा, पण बसण्यापूर्वी तो एकदा आठवून बाजूला ठेवावा.

प्रश्न : स्वीकार म्हणजे अन्यायही मुकाट्याने सोसायचा का?

उत्तर : नाही. राग आला आहे आणि छातीत धडधडते आहे, हे या क्षणाचे वास्तव नाकारायचे नाही, एवढाच स्वीकाराचा अर्थ आहे. विरोध करायचा की नाही, हा निर्णय त्यानंतरचा आहे.

प्रश्न : गुडघे दुखले तरी हलायचे नाही, हा नियम पाळावा का?

उत्तर : अतिपरिश्रमाने खचलेल्या सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेचा दाखला दिला होता : तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. दुखणे क्षणभर नीट न्याहाळा, पाय हलवावासा वाटतो आहे हेही पाहा आणि मग तो सावकाश, जाणीवपूर्वक हलवा.