मुलगा सातवीत आहे. रोबोटिक्स किट आणण्याआधी त्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवावी का? आणि किट कुठलं घ्यावं?

नाही. पायथनचा क्लास वगैरे काही लावू नका, आधी किट आणा. खरं तर मी इथे फक्त वाचते, पण हा प्रश्न बघून गप्प बसवेना कारण आमच्या घरात यावरून माझं आणि भाऊजींचं (धाकटे दीर, हिंजवडीत आयटीत आहेत) कित्येक वर्षं वाजतंय. त्यांच्या मते रोबोटिक्स म्हणजे कोडिंग आणि बाकीचं सगळं "वायरमनचं काम". मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली, भोसरीत यूपीएसच्या कारखान्यात टेस्टिंगला होते, त्यामुळे हे वाक्य मला कुठे झोंबतं ते समजून घ्या.

तर दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या किट घेऊन आमच्याकडे राहायला आला. नेहमीचंच सामान, ऊनो बोर्ड (गाडीचा मेंदू, प्रोग्रॅम यातच चढवतात), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट), दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या), पुढे तो दोन डोळ्यांचा अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) आणि पॉवरला खोक्यातच आलेली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. लॅपटॉपची केबल लावलेली असली की सेन्सरचे आकडे अगदी बरोबर यायचे, केबल काढून फरशीवर सोडलं की गाडी एक झटका खायची, थांबायची, परत झटका, उचकी लागल्यासारखी. भाऊजी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. डिले (कोडमधला थांबा) वाढवला, कमी केला, लायब्ररी (आयता मिळणारा कोड) बदलली, मग म्हणाले पोराने कोडच घाणेरडा लिहिलाय, मी नव्याने लिहितो. जेवणं झाली, मागचं आवरून झालं तरी यांचं चालूच. पोरगं बिचारं पालथं पडून गाडीकडे बघत होतं, त्यानेच विचारलं, "काकू, दर झटक्याला हा 'एल' लिहिलेला दिवा का लुकलुकतो?"

झालं ना मग! तो दिवा १३ नंबरच्या पिनवर असतो आणि बोर्ड रीसेट झाला की बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) तो लुकलुकवतो. म्हणजे कोड चुकत नव्हताच, दरवेळी पहिल्या ओळीपासून परत सुरू होत होता. मी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून त्याला दाखवलं, मोटर बंद असताना बॅटरी ९ च्या वर, मोटर सुटली की आकडा धाडकन खाली आणि बोर्डाने मान टाकली. त्या चौकोनी बॅटरीच्या पोटात दीड-दीड व्होल्टचे ६ चिमुकले सेल असतात, व्होल्टेज दिसतं भरपूर पण करंट द्यायचा दम नाही. त्याला म्हटलं साधे ६ पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून जोड. व्होल्टेज तेच ९, कोड त्याचाच, तो "घाणेरडा". गाडी सरळ सोफ्यापर्यंत गेली, थांबली, वळली. यावर भाऊजी काय म्हणावेत, "म्हणजे किटच डिफेक्टिव्ह होतं." धन्य!

असो. तुमच्या मुलाला पहिले काही दिवस कोडला हातच लावू देऊ नका. मोटर थेट सेलला जोडू दे, वायरी उलट्या केल्या की उलटी फिरते हे बघू दे. मग ड्रायव्हर कशाला लागतो ते सांगा, ऊनोची पिन बिनधोक देते २० मिलीअँप आणि मोटर सुटताना मागते शेकड्यांत. ड्रायव्हरचा ग्राउंड (मायनसचं टोक) आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोडलेला हवा, नाहीतर सगळं भूत लागल्यासारखं वागतं आणि मग आयटीवाले कोड बदलत बसतात. ब्लूटूथ मॉड्यूल ० आणि १ पिनवर लावलं असेल तर प्रोग्रॅम चढवताना काढा.

किट म्हणाल तर ऊनोवालं घ्या, सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतात. किटमधल्या नेहमीच्या ऊनोला (आर३) रॅम आहे २ केबी, त्यावर पायथन बसतच नाही, त्याला सी++ लागतं, म्हणजे तुमच्या क्लासची फी तशीही पाण्यात. मायक्रोबिट या दुसऱ्या छोट्या बोर्डवर पायथन चालतं आणि ब्लॉक जोडूनही प्रोग्रॅम करता येतो, ते चालेल. लेगोचं माइंडस्टॉर्म्स हे रोबोट किट कुणी जुनं विकत असेल तर मोहात पडू नका, कंपनीने ते २०२२ अखेर बंद केलं, आणि त्यात वायर उलटी जोडताच येत नाही, मग पोरगं शिकणार काय? (दुसरी-तिसरीतलं लहान मूल असेल तर असं उलटं जोडताच न येणारं किट बरं, हेही खरं.)

आणि कोडिंग नकोच असं मी म्हणत नाहीये हां. पुढे लाइन फॉलोअर (रेघेवरून चालणारी गाडी) वळणावर झोकांड्या खायला लागला की तिथे कोडच सुधारावा लागतो, तेव्हा एखाद्या भाऊजींना जरूर बोलवा, पण मल्टिमीटर लावून झाल्यावर. एक राहिलंच, दुकानदार १८६५० या मापाचे लिथियम सेल देईल, मोटरला ते उत्तम पण शॉर्ट झाले तर पेट घेतात, सातवीतल्या मुलाच्या हाती एकट्याने देऊ नका आणि चार्जर त्यांचाच वापरा, मोबाइलच्या चार्जरला वायरी जोडून नाही.