नमाज पढते, तरी मान का धरते?

प्रश्न : आपा, मी विम्याच्या दाव्यांची छाननी करते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा संगणकासमोर. पहाटेची फजर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा या नमाजा घरी होतात. दुपारची जोहर आणि तिसऱ्या प्रहराची असर मात्र ऑफिसात राहून जातात, त्या घरी येऊन कजा, म्हणजे वेळ टळल्यावर, पढते. मान आणि कंबर कायम धरलेली असते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, ‘तुझी नमाज म्हणजे योगासनंच की, तुला वेगळा व्यायाम कशाला?’ हे खरं आहे का? आणि उजवा गुडघा दुखतो, सजद्यातून, म्हणजे कपाळ जमिनीला टेकून, उठताना कळ येते. काय करू?

उत्तर : बेटी, तू ज्या दोन नमाजा सोडतेस, नेमक्या त्याच खुर्चीच्या वेळेतल्या आहेत. दिवसभराच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजीची आवर्तनं) १७. म्हणजे १७ रुकू (कंबरेतून वाकणं) आणि ३४ सजदे. त्यातल्या ८ रकाती जोहर-असरच्या. जवळजवळ निम्मं उठणं-वाकणं ऑफिसच्या वेळेत येतं, आणि तू ते सगळं रात्री एकदम उरकतेस. कजा फेडली जाते, ते ठीक. पण मान तोवर नऊ तास ताठ बसून झालेली असते.

मी एकतीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली. ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही, माझ्याच कॅलेंडरनं सांगितली. महिन्यातल्या पाळीच्या दिवसांत आपल्याला नमाज माफ असते. त्याच दिवसांत माझी मान जास्त दुखायची, आणि मी बापडी दोष पाळीला द्यायचे. एकदा वर्षअखेरीच्या धांदलीत लक्षात आलं, की त्या दिवसांत मी जेवणाची सुट्टी सोडली तर खुर्चीतून उठतच नव्हते. पुढच्या महिन्यापासून नमाज नसली तरी जोहर-असरच्या वेळेला उठायचं ठरवलं. नळापर्यंत जायचं, तोंडावर पाणी मारायचं, खिडकीशी पाच मिनिटं उभं राहायचं. दुखणं पुष्कळ कमी झालं.

म्हणून मैत्रिणीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. योगासनं वगैरे राहू दे. आम्हा हनफी पंथाच्या घरांतल्या बायकांचा रुकू तर हात गुडघ्यांना टेकतील इतपतच वाकण्याचा. मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जातात वगैरे जे वर्णन चालतं, ते पुरुषांच्या रुकूचं. शिवाय नीयत (मनातला हेतू) इबादतीची, उपासनेची असते, कंबरेची नव्हे. नमाजीचं खरं काम हे, की ती तुला दुसऱ्याच्या वेळेवर उठवते. आपण स्वतःच्या मनानं ‘एवढी फाइल संपवून उठते’ म्हणतो आणि दोन तास जातात. सूर्य काही आपल्या फाइलसाठी थांबत नाही.

बाकीचे फायदे लहान आहेत, पण आहेत. वजूला, म्हणजे नमाजीआधी हातपाय-तोंड धुवायला, चालत जावं लागतं. कोपरापर्यंत हात भिजतात, चेहऱ्यावर पाणी येतं, घोट्यापर्यंत पाय धुताना तासन्‌तास बुटात आवळलेली बोटं मोकळी होतात. नमाजीच्या शेवटी सलाम फेरताना मान उजवीकडे, मग डावीकडे खांद्यापर्यंत वळते. संगणकाच्या पडद्याकडे टक लावणाऱ्याची ती एरवी कधी वळते सांग! डोळ्यांना मात्र पूर्ण विसावा मिळत नाही. कियामात, म्हणजे उभं असताना, नजर सजद्याच्या जागी असते, म्हणजे हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर. जानमाज (नमाजीची चटई) घडी करताना खिडकीतून लांबवर बघत जा.

आणि मन शांत होतं का? खरं सांगते, कित्येक दिवस तिसऱ्या रकातीत मला दोनदा नोंदवलेलं व्हाउचर आठवायचं. साहेब घड्याळ बघतील या भीतीनं मी इतकी घाईत पढायचे, की रुकूतून सरळ उभी न राहताच सजद्यात जायचे. पैगंबरांनी अशाच घाईनं पढणाऱ्या एकाला तीनदा परत पाठवलं होतं, ‘जा, पुन्हा पढ, तू नमाज पढलीच नाहीस’ म्हणून. प्रत्येक हालचालीत अंग स्थिर झालं पाहिजे, ही शिकवण त्यातली. मी ती पाळायला लागले तेव्हा चार रकातींना दीड-दोन मिनिटं जास्त लागली, एवढंच.

वेळेची भीती तू उगाच बाळगतेस. जोहरची वेळ सूर्य कलल्यापासून असरपर्यंत असते, चांगली ऐसपैस. मीटिंगमधून उठून जायची गरज नाही. वरिष्ठांना सरळ सांग : दहा-दहा मिनिटं, दोनदा. मी दफ्तराच्या खोलीत दोन कपाटांच्या मधे पढायचे. पहिला आठवडा चुकीच्या दिशेला, तेही सांगून टाकते.

चालणं मात्र वेगळंच हवं. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं-फिरावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते नमाजीत भरून निघत नाही.

गुडघ्याचं आधी डॉक्टरांना दाखव, ते दुखणं रेटू नकोस. तोवर खुर्चीवर बसून पढ आणि सजद्याचा इशारा (नुसतं डोकं झुकवणं) रुकूपेक्षा जरा जास्त खाली कर. इम्रान बिन हुसैन या सहाब्यांना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, मूळव्याध होती. त्यांना पैगंबरांनी सांगितलं, उभं राहून पढ. जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. तेव्हा संकोच कसला? फक्त खुर्चीवर पढायचं म्हणून टेबलामागच्या त्याच खुर्चीवर पढू नकोस. दफ्तराच्या खोलीत एक साधी, बिनचाकांची खुर्ची नेऊन ठेव, आणि तिथपर्यंत चालत जा.