नाव बदललेल्या फाइलवर गिटमध्ये 'मॉडिफाय/डिलीट' कॉन्फ्लिक्ट
गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरताना एका ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) फाइलचं नाव बदललं, दुसरीवर जुन्याच नावाच्या फाइलमध्ये बदल झाले आणि मर्जला (दोन्ही ब्रँच एकत्र करताना) हा कॉन्फ्लिक्ट आला, 'एकीकडे फाइल बदलली, दुसरीकडे काढून टाकली' असा, म्हणजे गिटला नामांतर ओळखता आलेलं नाही. गिट नामांतराची नोंद ठेवतच नाही. मजकूर किमान 50% जुळला तर अंदाज बांधतं. आधी 'गिट मर्ज --अबॉर्ट' करा, मग मर्ज करताना '-एक्स फाइंड-रिनेम्स=30%' (एक्स मोठ्या लिपीतला) द्या, म्हणजे 50% ची अट 30% वर येते. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीच जमलं तर बदल नव्या फाइलमध्ये हाताने आणा, नवीला 'गिट अ‍ॅड', जुनीला 'गिट आरएम', मग कमिट (बदलांची नोंद). नामांतराचा कमिट वेगळा ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण मर्ज फक्त दोन्ही टोकं आणि सामायिक पूर्वज पाहतं, मधले कमिट नाही, म्हणून मर्जमध्ये त्याचा उपयोग नाही. रीबेसमध्ये (एकेक कमिट नव्या जागी पुन्हा लावताना) मात्र तो सल्ला कामी येतो.